एका वेळी एक रुमाल

देवाने माणसाला डोळे दोन दिले खरे, पण ते दोन्ही एकाच दिशेला लावून ठेवले. सशाचे तसे नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि चरता चरता त्याला जवळजवळ सगळे रान दिसते. माणसाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्याला पुढचे स्वच्छ दिसते, बाजूचे अंधूक दिसते आणि पाठीमागचे मुळीच दिसत नाही. तरीही एखाद्या सशाने हिशेबाची वही पुरी केल्याचे किंवा कादंबरीचे एखादे प्रकरण लिहिल्याचे आजवर ऐकिवात नाही. ज्याला सगळे रान दिसते, त्याला सगळ्या रानाची धास्ती लागून राहते, हेच त्याचे कारण असावे.

मला हा ससा आठवतो तो संगणकापुढे बसल्यावर. संगणकाच्या पडद्यावर ज्या चौकटी उघडतात त्यांना खिडक्या म्हणतात. नाव मोठे सुरेख आहे. पण घराची खिडकी आणि ही खिडकी यांत एक फरक आहे. घराच्या सगळ्या खिडक्यांतून एकच गाव दिसते. समोरच्या खिडकीतून मारुतीचे देऊळ दिसले तर मागच्या खिडकीतून त्याच गावचा ओढा दिसतो. संगणकाच्या प्रत्येक खिडकीतून निराळे गाव दिसते. एकीत शाळेचा निकाल लागत असतो, दुसरीत विजेचे बिल थकलेले असते आणि तिसरीत आपण होऊन निर्माण केलेले एखादे पात्र विहिरीच्या काठावर उभे राहून, आता पुढे काय करू, असे विचारीत असते.

चित्रकलेच्या मास्तराला खिडकीची ही उपमा नवी नाही. इटलीतल्या लिओन बातिस्ता अल्बेर्तीने १४३५ साली चित्रकलेवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात चित्राच्या चौकटीला उघड्या खिडकीची उपमा दिली. त्या उपमेवर युरोपातल्या चित्रकारांच्या पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या. पण अल्बेर्तीची खिडकी एक होती आणि तिच्यातून बघणारा माणूस एका जागी उभा होता. आपल्या काळी खिडक्या वाढल्या. माणूस मात्र पूर्वीइतकाच, म्हणजे एकच, राहिला.

मी एका तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिक झाल्यावर माझे शिक्षण रंग आणि ब्रश यांच्या वाटेने गेले आणि पदविका पदरात पडताच मी फळ्यापुढे उभा राहिलो, तो आजतागायत उभा आहे. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. 'उरलेला वेळ' हा शब्द मी सवयीने वापरतो. तो कोठून उरतो ते मलाही ठाऊक नाही. एखाद्या साध्या संध्याकाळी माझ्या संगणकावर काय काय उघडे असते पाहा: नववीच्या गुणांचा तक्ता, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना बसणाऱ्या मुलांची यादी, मुख्याध्यापकांनी 'आजच हवे' म्हणून पाठवलेले पत्र, कादंबरीचे चालू प्रकरण, त्याच कादंबरीची टिपणे, एका जुन्या गॅझेटियरचे पान, बँकेचे खाते, कन्येने अर्ध्यावर सोडलेला भूमितीचा पाठ, आणि जिच्यात नातेवाईक दिवसभर 'सुप्रभात' म्हणत असतात ती गप्पांची खिडकी. एकूण नऊ. पडदा एक, त्याची रुंदी दीड वीत.

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा पुण्याहून आला. तो संगणकाच्या धंद्यातला. त्याच्या टेबलावर तीन मॉनिटर असतात आणि त्यांच्यामध्ये तो विमान चालवणाऱ्या माणसासारखा बसतो. माझी अवस्था पाहून त्याला दया आली. "मामा, तुम्ही पोस्टाच्या तिकिटावर संसार मांडलाय," असे म्हणून त्याने आपला एक जुना, चांगला चोवीस इंची मॉनिटर मला आणून दिला.

ज्यांनी हे कधी केले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दुसरा मॉनिटर जोडून विंडोजची कळ आणि 'पी' ही अक्षराची कळ एकदम दाबली की चार पर्याय समोर येतात. चित्र फक्त पहिल्या पडद्यावर दाखवायचे, दोन्हींवर तेच दाखवायचे, दोन्ही पडदे मिळून एक लांब पडदा करायचा, किंवा फक्त दुसऱ्यावर दाखवायचे. शाळेत प्रोजेक्टर लावताना दुसरा पर्याय कामाचा, कारण मुलांना तेच दिसायला हवे जे मास्तरांना दिसते. घरी तिसरा. मग संगणकाला सांगावे लागते की कोणता मॉनिटर उजवीकडे आहे आणि कोणता डावीकडे. ते नीट सांगितले नाही तर माऊसचा बाण मधल्या वाटेवर अदृश्य भिंतीला अडतो आणि हात उगाच ढकलत बसतो. नीट सांगितले की बाण एका पडद्यावरून दुसऱ्यावर अलगद जातो, जणू मधल्या दाराला उंबरठाच नाही. विंडोज, शिफ्ट आणि बाजूच्या बाणाची कळ दाबली तर अख्खी खिडकी टुणकन उडी मारून शेजारच्या मॉनिटरवर जाऊन बसते. त्या पहिल्या संध्याकाळी मी नऊच्या नऊ खिडक्या इकडून तिकडे उडवून पाहिल्या. नवीन घर मिळालेला माणूस जसा रिकाम्या खोल्यांतून उगाच फिरतो, तसा तो आनंद होता.

शेवटी मांडणी अशी ठरली: डावीकडे कादंबरी एकटी, उजवीकडे बाकीचे सगळे जग. न्याय्य वाटणी होती. पण मुलांना चित्र शिकवताना मी एक गोष्ट नेहमी सांगतो. कागदावर जिथे गडद आणि उजळ रंग शेजारी येतात तिथे डोळा आधी जातो. आणि जिथे काही हलते आहे तिथे तर तो त्याहूनही आधी जातो. हा डोळ्याचा स्वभाव आहे. वाघापासून जीव वाचवण्यासाठी तो त्याला मिळाला आणि आता मामेभावाच्या 'सुप्रभात'साठी खर्ची पडतो आहे. कादंबरी हा जगातला सर्वांत न हलणारा पदार्थ. तिचे पान लेखकाने हलवल्याखेरीज हलत नाही. उजवीकडे मात्र काही ना काही सतत हलत होते, लुकलुकत होते, आकडे बदलत होते. दोन पडद्यांची ओढ सारखी नव्हती.

या सगळ्या पसाऱ्याचा इतिहास मोठा रंजक आहे. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एक प्रयोग करून दाखवला. माऊस, आणि एकाच पडद्याचे भाग पाडून त्यांत निरनिराळा मजकूर दाखवणे, या गोष्टी तेथे जमलेल्या लोकांनी त्या दिवशी प्रथम पाहिल्या. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पॅलो अल्टो येथील संशोधन केंद्रात या चौकटी एकीवर एक रचता येऊ लागल्या. कल्पना अशी की पडदा म्हणजे टेबल आणि चौकटी म्हणजे टेबलावरचे कागद. १९८५ च्या नोव्हेंबरात विंडोजची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा मात्र तिच्या खिडक्या फरशीसारख्या शेजारी शेजारी बसत. एक दुसरीला झाकू शकत नसे. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर चढू लागल्या. त्याच वर्षी निघालेल्या मॅकिंटॉश टू या यंत्राला एकाहून अधिक मॉनिटर जोडता येत, आणि विंडोजमध्ये ही सोय १९९८ च्या आवृत्तीत आली. म्हणजे आधी टेबल झाले, मग टेबलावर ढीग झाला आणि मग ढिगाला जागा हवी म्हणून दुसरे टेबल आले. माणसाच्या घरातही असेच होते. कपाट भरले की आपण कपाट आवरत नाही, दुसरे कपाट आणतो.

आता आमच्या वडिलांविषयी सांगायला हवे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते तहसील कचेरीत अव्वल कारकून होते आणि २००४ साली निवृत्त झाले. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. बुद्धी शाबूत आहे. बोलणेही आहे, पण एकेक शब्द कुलूपबंद पेटीतून काढून द्यावा तसा हळू येतो. त्यांची कॉट माझ्या टेबलाच्या खोलीतच आहे, कारण त्या खोलीत उजेड चांगला आणि रात्री मी जागा असतो. दुसरा मॉनिटर आल्यापासून ते कॉटवरून बराच वेळ त्या दोन पडद्यांकडे बघत राहत. एके दिवशी त्यांनी विचारले,

"हे सगळं... एकाच वेळी?"

"हो, अण्णा. सगळं समोर राहतं."

त्यांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "आमच्याकडे... एका वेळी एक रुमाल."

रुमाल म्हटल्यावर हल्लीच्या वाचकांना खिशातला रुमाल आठवेल. दप्तरातला रुमाल निराळा. ते मोठे चौकोनी कापड असते आणि एका प्रकरणाचे किंवा एका सालाचे कागद त्यात बांधून ठेवतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी त्यांतले मोडी कागद निवडून १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, हे इतिहासाच्या वाचकांना माहीत असेलच. तहसील कचेरीतल्या अभिलेखांचे गठ्ठेही याच चालीने कापडात बांधले जात आणि अण्णा त्यांना रुमालच म्हणत. लहानपणी मी त्यांच्याबरोबर कचेरीत जाई तेव्हा त्यांची शिस्त पाहिली आहे. एक रुमाल सोडायचा, काम करायचे, कागद क्रमाने लावायचे, गाठ मारायची, जागेवर ठेवायचा. मग दुसऱ्याला हात लावायचा. वरचे साहेब ओरडत असले तरी त्यात बदल नाही. दोन रुमाल एकदम सोडले की एकातला कागद दुसऱ्यात जातो आणि मग तो सात पिढ्या सापडत नाही. अण्णा म्हणत, "कागद कधी हरवत नाही. त्याची जागा हरवते."

अण्णांचे हे बोलणे मी भाच्याला फोनवर सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "आजोबांना हवंय ते संगणकात आहेच." विंडोजची कळ, कंट्रोल आणि 'डी' एकदम दाबायला त्याने सांगितले. दाबले, आणि माझे दोन्ही मॉनिटर एका क्षणात कोरे झाले. नऊच्या नऊ खिडक्या गेल्या. छातीत धस्स झाले, पण त्या गेल्या नव्हत्या. मी नव्या खोलीत आलो होतो आणि त्या मागच्या खोलीत होत्या. विंडोज, कंट्रोल आणि डावा बाण दाबला की मागच्या खोलीत, उजवा दाबला की पुढच्या. याला आभासी डेस्कटॉप म्हणतात. खोली नको झाली तर मोडताही येते आणि तिच्यातल्या खिडक्या नष्ट न होता शेजारच्या खोलीत जातात. वाड्याची एक खोली पाडायची झाली तर सामान शेजारी हलवतो, तसेच हे.

खोली हा शब्द मी माझ्या पदरचा घातलेला नाही. झेरॉक्सच्या त्याच केंद्रातले ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९८६ साली अशी एक रचना मांडली आणि तिचे नावच 'खोल्या' असे ठेवले. त्यांचा विचार फार शहाणपणाचा होता. १९६८ साली पीटर डेनिंग यांनी संगणकाच्या स्मृतीविषयी एक गोष्ट दाखवून दिली होती. चालू कार्यक्रमाला एका वेळी थोडीच पाने हाताशी लागतात. पण तेवढीही मावली नाहीत तर यंत्राचा सगळा वेळ पाने आणण्यात आणि नेण्यात जातो, आणि काम होतच नाही. हेंडरसन आणि कार्ड यांनी पाहिले की माणसाचे पडद्यावर तेच होते. माणूस नऊ खिडक्या नऊ वेळा वापरत नाही. तो तीनचार खिडक्यांचा एक मेळ काही वेळ वापरतो आणि मग दुसऱ्या मेळाकडे वळतो. तेव्हा प्रत्येक मेळाला आपली खोली द्यावी. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला त्यांनी दारे ठेवली. जाताना बरोबर काही न्यायचे असेल तर त्याला सामान म्हटले. आणि जी खिडकी प्रत्येक खोलीत आपल्याबरोबर असायला हवी तिच्यासाठी खिसा ठेवला. दार, सामान, खिसा! संगणकाच्या शास्त्रज्ञांनी इतके घरगुती शब्द वापरावेत याचे मला फार कौतुक वाटले. पुढे विद्यापीठांतल्या मोठ्या यंत्रांवर ही सोय रुळली. मॅकमध्ये ती २००७ साली आली आणि विंडोजमध्ये २०१५ साली. अण्णांच्या कचेरीत तिला रुमाल म्हणत, एवढाच फरक.

मी चार खोल्या केल्या. पहिली शाळेची, दुसरी घराची, तिसरी चित्रांची आणि चौथी, सर्वांत आतली, कादंबरीची. प्रत्येकीला नाव देता येते. विंडोजच्या अकराव्या आवृत्तीत प्रत्येकीच्या भिंतीला निराळे चित्रही लावता येते, म्हणून शाळेच्या खोलीला मी विटकरी रंग दिला आणि कादंबरीच्या खोलीला पावसाळी राखाडी. शाळेच्या खोलीत उभे राहिले की खालच्या पट्टीवर फक्त शाळेच्याच खिडक्या दिसतात. निरोपांची घंटी मात्र भिंती ओलांडून येते. तिला गप्प बसवण्याची सोय वेगळी आहे आणि ती मी संध्याकाळी वापरतो. एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तर खोल्या राहतात, पण त्यांतले सामान पुन्हा मांडावे लागते. रोज सकाळी ते मांडताना मला ते आवडू लागले आहे. कोणत्या खिडकीला आज उघडायचेच नाही, हे त्या पाच मिनिटांत ठरते.

तरीही भिंती पडद्यावर असतात, मनात नसतात. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवले की एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्या कामाला लागला की त्याच्या लक्षाचा काही भाग मागच्या कामाला चिकटून राहतो. म्हणजे मी कादंबरीच्या राखाडी खोलीत आलो तरी नववीचा निकाल माझ्या चपलांना चिखलासारखा लागून आत येतो. याच विषयावर पुढे २०१८ साली त्यांनी एका सहकाऱ्यासह एक उपायही सुचवला: काम सोडण्यापूर्वी, परत आल्यावर काय करायचे, हे थोडक्यात लिहून ठेवावे, मग मन मोकळे होते. मी हे वाचले तेव्हा अण्णांची गाठ आठवली. रुमाल नुसता बाजूला सरकवायचा नसतो, तो बांधायचा असतो. हल्ली मी खोली बदलण्यापूर्वी शेवटी एक ओळ लिहितो. 'रोल नंबर २३ पासून पुढे.' 'ती विहिरीवरून परत फिरते, पण कळशी तिथेच राहते.' ही ओळ म्हणजे माझी गाठ.

एवढे झाल्यावर कोणालाही वाटेल की प्रश्न सुटला. मलाही वाटले. पण आमच्या घरात माझ्या शोधांची परीक्षा स्वयंपाकघरात होते. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. आमची सौभाग्यवती अनारशांच्या तयारीला लागली होती. अनारशाचे तंत्र सर्वांना ठाऊक आहेच: तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचे, मग ते निथळून सुकवायचे, कुटायचे, चाळायचे, गुळात मळायचे आणि डब्यात झाकून काही दिवस मुरत ठेवायचे. मी मोठ्या उत्साहाने तिला माझ्या चार खोल्या दाखवल्या आणि म्हणालो, "बघ, जे नको ते दिसतच नाही."

ती चकलीच्या तेलापाशी उभी होती. तेलावरची नजर न काढता म्हणाली, "अहो, दिसत नाही ते ठीक आहे. पण झाकून ठेवलेलं लक्षात कोणी ठेवायचं?"

"तू कशी ठेवतेस?"

"अनारशाचा डबा चहाच्या डब्याशेजारी ठेवते. सकाळी उठून हात तिथे जातोच."

मी गप्प झालो. चकली तळताना तिला दुसरे काही दिसत नाही आणि दिसूही नये. तेल ही जीव घेणारी वस्तू आहे. करंजीचे सारण, शंकरपाळ्यांचे पीठ, सगळे आपापल्या झाकणाखाली. पण जे झाकणाखाली असूनही रोज बघायला हवे, त्याला तिने असे ठिकाण दिले होते की कोणत्याही कामाला जाताना वाट तिथूनच जावी. हेंडरसन आणि कार्ड यांनी ज्याला खिसा म्हटले ते हेच.

त्या रात्री मला अण्णांचे कचेरीतले टेबल आठवले. त्यावर जाड काच होती आणि काचेखाली, सगळ्या कारकुनांच्या टेबलावर असे तसे, विठोबाचे एक छोटे चित्र, एक कॅलेंडरचे पान आणि हाताने लिहिलेली एक चिठ्ठी होती. रुमाल येत आणि जात, चिठ्ठी तिथेच. त्या वेळी मला वाटे की सरकारी कामाचा तो काही तक्ता असावा, कारण तिच्यावर वार आणि वेळा लिहिल्या होत्या. अलीकडे एकदा अण्णांची नखे कापताना मी सहज विचारले, "तुमच्या टेबलावर काचेखाली ती चिठ्ठी कसली होती?" त्यांना ती लगेच आठवली. म्हणाले, "तुझ्या आईचं... औषध."

आईला दमा होता. गावात त्या वेळी औषध वेळेवर मिळत नसे. कोणत्या वारी तालुक्याच्या दुकानात ते येते, कोणत्या तारखेला घरातले संपते, रात्रीची मात्रा किती वाजता, हे सगळे त्या चिठ्ठीवर होते. आईने कधी सांगितले नाही आणि अण्णांनी तर नाहीच नाही. बाहेरून बघणाऱ्याला एवढेच दिसे की हा माणूस एका वेळी एकच रुमाल सोडतो आणि बाकी कशाकडे लक्ष देत नाही. आई जाऊन आता अकरा वर्षे झाली. इतक्या वर्षांनी मला कळले की एका वेळी एक रुमाल, हा अण्णांचा अर्धा नियम होता. उरलेला अर्धा काचेखाली होता.

अण्णांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. नाहीतर पाठीला जखमा होतात. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ या औषधांच्या वेळा. रात्री दहा आणि बारा या वळवण्याच्या वेळा माझ्या, पहाटेच्या सौभाग्यवतीच्या, दुपारच्या कन्या शाळेतून आल्यावर तिच्या. संगणकात लहान पिवळ्या चिठ्ठ्या लिहिण्याची सोय आहे. तशा एका चिठ्ठीवर मी या वेळा लिहिल्या. मग विंडोज आणि टॅब या कळा दाबून सगळ्या खोल्यांचा नकाशा उघडला, चिठ्ठीवर माऊसची उजवी कळ दाबली आणि 'सर्व डेस्कटॉपांवर दाखवा' हा पर्याय निवडला. आता मी कोणत्याही खोलीत गेलो तरी दोन्ही पडदे बदलतात, ती चिठ्ठी मात्र बदलत नाही. भाच्याने दिलेल्या मोठ्या मॉनिटरच्या कोपऱ्यात ती असते आणि त्या मॉनिटरवर रात्रीच्या वेळी तिच्याशिवाय दुसरे काही नसते. चोवीस इंचांचा पडदा आणि त्यावर तळहाताएवढी चिठ्ठी! भाच्याला हे पाहून हळहळ वाटली. पण चित्रकलेच्या मास्तराला मोकळ्या जागेची किंमत ठाऊक असते. कागदभर रंग फासला की चित्र झाले, असे समजणाऱ्या मुलांना मी वर्षभर तेच तर शिकवत असतो.

कोणी म्हणेल, एवढे करण्यापेक्षा फोनवर गजर का लावत नाही? कन्येने हेच विचारले. एक तर अण्णांची झोप सावध. गजर त्यांना आधी उठवतो आणि मला नंतर. दुसरे असे की गजर वेळ झाली की ओरडतो आणि मग आपण त्याच्यावर चिडतो. चिठ्ठी काही बोलत नाही. ती हलत नाही, लुकलुकत नाही, आकडे बदलत नाही. ती नुसती असते. दहा वाजायच्या आधीसुद्धा ती असते, आणि तिच्याकडे नजर गेली की खोलीत कोण आहे ते आठवते.

आजकाल पडदे रुंद होत चालले आहेत. अर्धगोलाकार मॉनिटर निघाले आहेत, जे माणसाला दोन्ही बाजूंनी वेढतात. सशाची दृष्टी माणसाला देण्याचाच तो बेत दिसतो. माझा त्याला विरोध नाही. ज्याचे काम तसे आहे त्याने जरूर घ्यावेत. पण पडदा विकणाऱ्या दुकानात जे मिळत नाही ते आपल्यालाच ठरवावे लागते. या घटकेला काय दिसू नये, आणि कोणत्याही घटकेला काय दिसेनासे होऊ नये. पहिल्या यादीत पुष्कळ गोष्टी घालता येतात. दुसरी यादी लहान असावी. ती वाढली की तिचाही ढीग होतो आणि काचेखालचे काही वाचता येत नाही.

कादंबरीची अठरा प्रकरणे झाली आहेत. रात्री नऊला मी चौथ्या खोलीत जातो आणि बहुतेक वेळा दहाला उठतो तेव्हा एखादे वाक्य अर्धे असते. अण्णांच्या खांद्याखाली एक हात आणि कमरेखाली दुसरा हात घालून त्यांना डाव्या कुशीवर वळवतो, पाठीशी उशी लावतो. कधी ते जागे असतात आणि विचारतात, "किती पानं?" मी आकडा सांगतो. आकडा लहान असला तर ते काही बोलत नाहीत. मोठा असला तर डाव्या हाताने माझे मनगट दाबतात. मग मी टेबलाशी परत येतो. ते अर्धे वाक्य जागच्या जागी वाट बघत असते, पण पुरे होताना ते पुष्कळदा मी ठरवले होते त्याहून निराळे होते. तसे झाल्याने कादंबरी सुधारली की बिघडली, हे ती छापून आल्यावर तुम्हीच सांगायचे आहे.